कूलरमधलं बाळंतपण

मी पडले ती नळाच्या दिवशी. आमच्या गल्लीला नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि आला की घरात लगीनघाई उडते. आधी पिण्याचे हंडे, मग हौद, मग गच्चीवरची टाकी, मग ड्रम, बादल्या आणि शेवटी पातेली, पराती, हाताला लागेल ते. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. दोन्ही हातांत दोन घागरी घेऊन मी उंबरा ओलांडत होते, ओल्या फरशीवर पाय सटकला, मी खाली आणि घागरी माझ्या अंगावर. खरं सांगते, आधी मला पाणी सांडल्याचंच वाईट वाटलं. दुखायला नंतर लागलं.

परभणीला नेलं. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं, डॉक्टरांनी सळई घालून ते सांधलं. दवाखान्यात सोबतीला माझ्या सासूबाई राहिल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. वय ऐंशीच्या घरात, एका कानाने कमी ऐकू येतं, बाकी बाई काटक. एकदा नर्सने त्यांना सहज विचारलं, "आजी, लेकरं किती तुम्हाला?" आत्याबाई म्हणाल्या, "चार." मी पडल्या पडल्या ऐकत होते. आमचे हे, एक दीर आणि एक नणंद, झाले तीन. पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या चारच सांगत आल्यात आणि घरातलं कुणी त्यांना दुरुस्त करत नाही. एक लहानपणीच गेलं, एवढं मला कानावरून माहीत होतं. मुलगा की मुलगी, हेसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं.

सेलूला घरी आणल्यावर माझी खाट पुढच्या खोलीत टाकली. ही माझी शिवणकामाची खोली. तीस वर्षं मी इथे बसून गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवले, आणि कुणाचं अंग सुटलं, कुणाचं उतरलं, हे त्यांच्या नवऱ्यांच्या आधी मला कळायचं. आता शिलाई मशीन कोपऱ्यात सरकवून त्यावर जुनं लुगडं टाकलं होतं. खाटेला लागून एकुलती एक खिडकी, आणि त्या खिडकीत कूलर. बाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेला, तोंड खोलीत, पाठ अंगणात, आणि बाजूच्या फटीत ह्यांनी पुठ्ठा कोंबलेला. म्हणजे खिडकी होती, पण तिच्यातून दिसायचं ते कूलरचं तोंड. वर हातभर फट होती. तिच्यातून अंगणातल्या कडुलिंबाची एक फांदी दिसायची आणि त्या फांदीमागे थोडंसं आभाळ. मला पाहायला जग एवढंच उरलं होतं.

अंथरुणाला खिळणं म्हणजे काय, ते खिळल्याशिवाय कळत नाही. लोक येतात, मोसंबी आणतात आणि म्हणतात, "आराम करा, आता कुठं आराम मिळालाय तुम्हाला." अशांना एकेक मोसंबं फेकून मारावंसं वाटायचं. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असं माणसं म्हणतात. खाटल्यावर सगळं मिळायला लागलं की हरीला हात जोडून म्हणावंसं वाटतं, बाबा, तेवढं सोडून काहीही दे. ज्या सासूची सेवा मी करायची, ती ऐंशीची म्हातारी माझं भांडं उचलून न्यायची. मी तोंड भिंतीकडे फिरवायची. त्या म्हणायच्या, "लाजायलीस कामून? ह्या हातानं मी किती जणांचं काढलं, तुला काय ठावं." मला ते ऐकून बरं वाटायचं नाही, उलट रडू यायचं, आणि रडू आलं की मी चिडायची.

हाक मारायला मला एक स्टीलचं ताट आणि पळी दिली होती. मी ते ताट एवढं बडवलं की शेवटी शेवटी कुणी धावतच यायचं नाही. पाणी हवं, ताट. पंखा कमी करा, ताट. नुसतं कुणीतरी यावं असं वाटलं, तरी ताट. आमचे हे एका खताच्या दुकानात हिशेबाला जातात. ते घरी आले की म्हणायचे, "शेजारच्यांना वाटायलंय, आपल्या घरी रोजच ग्रहण हाय."

खार आली ती शिमग्याच्या आसपास. आधी मला वाटलं, उंदीर. बंद कूलरच्या आत काहीतरी खुडबुडायचं, थांबायचं, पुन्हा खुडबुडायचं. मी ताट बडवलं की गप्प. मग एक दिवस वरच्या फटीतून ती फांदीवर दिसली. तोंडात कापूस. आमच्या घरामागे जिनिंग आहे, सीझनला कापसाचे पुंजके उडून कुंपणाला, तारांना, झाडाला अडकून बसतात. तो कापूस तिने एवढा तोंडात धरला होता की पिकल्या दाढीचा म्हातारा वाटावा. फांदीच्या टोकावरून तिने कूलरवर उडी मारली, बाजूच्या जाळीचं गवत जिथे सुटलं होतं तिथून आत गेली आणि क्षणात रिकाम्या तोंडाने बाहेर आली. आम्ही गवत यंदा बदलायचं की पुढच्या साली, यावर भांडत होतो, तोवर बाईने त्याच गवताचं घर केलं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

पहिले काही दिवस मी तिला हाकलायला ताट वाजवलं. आपण अडकून पडलोय आणि ही दिवसातून पन्नास वेळा आत-बाहेर करतेय, हे मला बघवत नव्हतं. मत्सरच होता तो, दुसरं काही नाही. पण ती घाबरेना. पुठ्ठ्याच्या वरून तोंड काढायची, मला बघायची आणि "चिक् चिक्" करत प्रत्येक चिक्‌ला शेपटीला एक झटका द्यायची. मला शिव्या देत होती. त्या सगळ्या दिवसांत माझ्याशी सरळ भांडणारी ती एकटीच होती, बाकी सगळे जपून बोलायचे. मला ती आवडायला लागली.

मग तिची हिंमत वाढली. दुपारी घर निजलं की ती पुठ्ठ्यावरून खोलीत उतरायची, भिंतीच्या कडेकडेने मशीनपर्यंत जायची आणि खालच्या टोपलीतल्या चिंध्या उपसायची. सगळ्या नाही. पॉपलीनला तोंड लावत नव्हती, मऊ अस्तर तेवढं निवडायची. एकदा तिने केशरी अस्तराची लांब पट्टी ओढत नेली. पट्टी पुठ्ठ्यात अडकली, हिने इकडून ओढली, तिकडून ओढली, शेवटी दातांनी कुरतडून दोन तुकडे केले आणि दोन खेपांत नेली. मी जन्मभर कात्री चालवली, पण मला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी हसले असेन. कुशीवर वळायचं असतं तसं हसायचंही पाय न दुखवता, हे त्या दिवशी शिकले.

आत्याबाई म्हणाल्या, "रामानं हिच्या पाठीवर तीन बोटं फिरवली." मी म्हटलं, "आत्याबाई, पाच पट्टे हायत. मी रोज बघतेय." त्या म्हणाल्या, "तीन." मी म्हटलं, "रामाला हाताला पाच बोटं होती ना? मग दोन बोटं काय त्यानं मुडपून ठेवली होती?" आत्याबाईंनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः खिडकीशी उभ्या राहिल्या, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ फांदीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कडंचे दोन फिक्कट हायत. ते काय मोजायचे न्हाईत."

या सगळ्यात डॉक्टरांकडे तपासणी झाली. फोटो बघून ते म्हणाले, हाड छान जुळतंय, आता वॉकर घेऊन चालायला लागा. मी म्हटलं, बघू. ते म्हणाले, "बघू नाही. आता नाही चाललात तर सांधा धरून बसेल. मग ही खाट सुटायची नाही." ते हसत बोलले, पण मी परभणी ते सेलू सगळा रस्ता तेच वाक्य ऐकत आले.

ह्यांनी वॉकर आणला. मी उभी राहिले. खरंच राहिले. नुकतीच फरशी पुसलेली होती. वॉकरचा एक पाय बोटभर सरकला, आणि माझ्या कानात घागरी वाजल्या. मी ओरडले आणि खाटेवर बसले. त्यानंतर रोज ह्यांचं एकच, "चल, उठ," आणि माझं एकच, "उद्या." वॉकर भिंतीला टेकून उभा असायचा आणि मी त्याच्याकडे पाठ करून झोपायची. आधी हाडाने अडकवलं होतं, आता भीतीने. हाडाचं निदान फोटोत दिसत तरी होतं.

चैत्र लागला आणि कूलरमधून वेगळा आवाज यायला लागला. बारीक, सुईच्या टोकाएवढा. ह्यांनी बाहेरून जाळी किंचित उचलून मोबाईलच्या उजेडात पाहिलं. "खाली टाकीत हायत," ते म्हणाले. "पंपाच्या बाजूला. चार असतील. अंगठ्याएवढी हायत, केस न्हाईत अंगावर." मी विचारलं, "केशरी अस्तर दिसायलंय का?" ते म्हणाले, "मधोमध."

आणि उन्हाळा तर आमच्याकडे असा की दुपारी दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसतो. या खोलीवर पत्रे, खाली तापलेली फरशी, मध्ये मी. पंखा गरम वारा फिरवायचा. पाठीला घामोळं आलं, खाजवायला हात पोचत नव्हता. ह्यांनी नवं गवत आणून ठेवलं आणि दबकत विचारलं, "कूलर चालू करायचा का? पिल्लं काढून झाडाखाली ठेवतो." मी काही बोलायच्या आत आत्याबाई बोलल्या. एरवी ऐकू येत नाही, हे बरोबर ऐकू आलं.

"बाळंतीण हाय ती. सव्वा महिना कुणी हात लावायचा न्हाई."

झालं. आमच्या घरात सव्वा महिना म्हणजे सव्वा महिना. माझ्या बाळंतपणातही याच आत्याबाईंनी मला याच खोलीत कोंडलं होतं, डोक्याला फडकं, कानात कापूस, वाऱ्याची झुळूक लागू दिली नव्हती. आता खारीसाठी तोच कायदा. रोज सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर खारीक-खोबऱ्याचा तुकडा ठेवायला लागल्या. मी म्हटलं, "डिंकाचा लाडू राहिला." दुसऱ्या दिवशी तोही ठेवला. खारीने खोबरं नेलं, लाडूला मुंग्या लागल्या.

मी तक्रार करत होते, पण कूलर चालू व्हावा असं मलाही वाटत नव्हतं. दुपारभर मी त्या आवाजावर कान ठेवून पडायची. ती फांदीवर पोट टेकून, चारी पाय सोडून पालथी पडायची, उन्हाने दमलेली. मग आत यायची, बारीक आवाजांचा गलका व्हायचा आणि हळूहळू शांत व्हायचा. पाजतेय, हे मला न बघता कळायचं. तेवढा वेळ मी पाय विसरायची, वॉकर विसरायची. तिची पिल्लं मोठी होऊन बाहेर पडली की मग आपण उठायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. सोयीचं होतं ते. तिचा सव्वा महिना संपेस्तोवर मला कुणी उठ म्हणणार नव्हतं, आणि म्हटलं तरी मी म्हणणार होते, थांबा, बाळंतीण आहे.

मग एका सकाळी नळ आला.

मोटरीचा आवाज सुरू झाला, हंडे खणखणले, आत्याबाई न्हाणीघराशी जाऊन बसल्या, हे पाईप घेऊन धावायला लागले. मी पडल्या पडल्या ओळखत होते, आता हौद, आता ड्रम. दाराबाहेर पडवीत पाणी सांडत होतं, तो वास मला नको व्हायचा, म्हणून मी डोळे मिटून घेतले. आणि माझ्या डोक्याशी, कूलरमध्ये, पाणी पडायला लागलं.

मला आधी खरंच वाटेना. ह्यांनीच जाळी उचलून पिल्लं मोजली होती. ह्यांनीच गल्लीतल्या पोरांना खिडकीशी खेळू नका म्हणून दटावलं होतं. पण नळ आला की आमच्या घरातल्या माणसाचं डोकं चालत नाही, हात चालतात. भांडं रिकामं दिसलं की भरायचं. आणि वीस उन्हाळे ह्यांच्या पाईपचा शेवटचा मुक्काम कूलरच होता. ड्रम भरले, पाणी अजून येतंय, वाया कसं घालवायचं? पाईप सवयीने कूलरच्या झडपेत खोचला आणि टाकी बघायला हे गच्चीवर गेले.

मी ताट घेतलं आणि बडवलं. बडव बडव बडवलं. "अहो! अहो, पाईप!" मोटरीच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येईना. न्हाणीतून आत्याबाई ओरडल्या, "थांब गं माय, नळ आलाय! च्या मग देते!"

चहा! तीन महिने मी त्या ताटाची किंमत घालवली होती, ती त्या क्षणी वसूल झाली.

खार कुठूनशी आली. फांदीवरून कूलरवर तिचे पाय आपटलेले मी ऐकले. आत गेली, बाहेर आली. वरच्या फटीतून दिसली, तोंडात पिल्लू, त्याची शेपटी तिच्या गळ्याभोवती गुंडाळलेली. फांदीवरून वर कुठेतरी गेली. पुन्हा आली. दुसरं नेलं. आत पाण्याचा आवाज बदलला होता, आधी पत्र्यावर पडल्यासारखा होता, आता पाण्यात पाणी पडत होतं.

मी कशी उठले ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की खाटेची कड, मग खिडकीची चौकट, मग एक गज, असं धरत मी उभी होते आणि दात एकमेकांवर एवढे दाबले होते की जबडा दुखत होता. पुठ्ठा उपसून फेकला. फटीतून खांद्यापर्यंत हात बाहेर घातला. पत्र्याने दंड खरचटला. पाईप हाताला लागला, निसटला, पुन्हा लागला. मी ओढला. तो झडपेतून सुटला आणि अंगणात पडून सापासारखा वळवळत राहिला.

खारीने तिसरं नेलं तेव्हा पाणी थांबलं होतं. मी गजाला लोंबकळून वाट पाहत होते. चौथं? कूलरच्या तोंडावरच्या पट्ट्यांमध्ये काहीतरी हललं. एक ओलं डोकं बाहेर आलं, मग पाय, आणि पिल्लू घसरून खिडकीच्या कट्ट्यावर, माझ्या बोटांपासून वितीवर पडलं. डोळे उघडलेले होते. पाठीवर पट्टे आले होते. पाण्याने केस चिकटून ते इतकं बारीक झालं होतं की आत नुसत्या काड्या असाव्यात. सगळं अंग थरथरत होतं.

पडवीतून आत्याबाई आल्या, बहुतेक चहा विचारायला. दारात थबकल्या.

"अगं माय! उभी ऱ्हायलीस!"

"आत्याबाई, पिल्लू!"

त्या जवळ आल्या, पाहिलं. मी हात पुढे केला तसा त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "शिवू नको. माणसाचा वास लागला की आई जवळ घेत न्हाई म्हणत्यात." खरं-खोटं देव जाणे, पण मी हात मागे घेतला. बाहेर लिंबावर खार ओरडत होती. नेहमीचं भांडणाचं चिक् चिक् नव्हतं हे. एकसारखं, न थांबता, घशाला कोरड पडेल असं. फांदीच्या टोकापर्यंत यायची, मला बघायची, मागे फिरायची. पुन्हा यायची, पुन्हा मागे.

"तू हितं हाईस तवर ती येत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "तुम्ही ह्यांना बोलवा. खुर्चीवर बसवून नेतील मला."

"तो गच्चीवर हाय. मी जिना चढंस्तोवर हे लेकरू गार पडंल. आन शेजारचं मांजर आल्याबिगर ऱ्हाईल का?" त्यांनी वॉकर भिंतीपासून उचलला आणि माझ्यापुढे आणून ठेवला. "तीन महिने हितं बसलीस. आता हिला जागा दे."

रागावून नाही म्हणाल्या. पण मला ते लागलं, आणि लागलं म्हणूनच मी वॉकर धरला.

खाटेपासून दारापर्यंतची ती फरशी. मी त्या खोलीत हजार वेळा चालले असेन. पहिलं पाऊल टाकलं, पायातून कळ डोक्यात गेली. दुसरं. आत्याबाई मागून माझा परकर मुठीत धरून होत्या, जणू मी पडले असते तर त्यांनी मला उचलून धरलं असतं. दाराशी पोचले तर पुढे उंबरा, आणि उंबऱ्यापलीकडे पडवीची ओली फरशी. तीच. पाणी चकाकत होतं. माझे पाय तिथेच रुतले. मला स्वच्छ कळत होतं की मी आता मागे फिरणार, खाटेवर जाऊन पडणार आणि उद्या म्हणणार, आणि मग कायमचंच म्हणत राहणार. मागे खार ओरडत होती.

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर काढला, कमरेला खोचलेलं टोक सोडवलं आणि खाली वाकून नेसत्या लुगड्याच्या पदरानेच माझ्यापुढची फरशी पुसली. ऐंशीची बाई. पुसायची, सरकायची, पुढचं पुसायची. "ये," म्हणायची. मी वॉकर उंबऱ्यापलीकडे टेकवला. चांगला पाय, मग सळईचा पाय. त्या पुसत गेल्या आणि मी त्यांच्या मागून गेले, पडवी संपेपर्यंत. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला धुण्याचा दगड आहे, त्याच्यावर मला बसवलं. घराचा कोपरा आड येतो, तिथून खिडकी दिसत नाही.

तीन महिन्यांनी आभाळ पुरं दिसलं. ऊन अंगावर आलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला ती खिडकी पाहायची होती. ज्या खोलीतून सुटायला मी देवाला नवस बोलले, त्याच खोलीत आता काय चाललंय यासाठी माझा जीव तुटत होता.

हे गच्चीवरून उतरले. मला दगडावर बसलेली पाहून त्यांचं तोंड उघडं राहिलं, मग अंगणात वळवळणारा पाईप पाहिला, मग कूलर आठवला असावा. "माझ्या हातानं..." एवढंच म्हणाले. मोटर बंद केली आणि डोक्याला हात लावून पायरीवर बसले. मग उठून ते खिडकीकडे जायला निघाले तर आत्याबाईंनी त्यांना हाताने खाली बसवलं.

मोटर बंद झाल्यावर खारीचा आवाज जास्तच मोठा वाटायला लागला. आम्ही तिघं ऐकत बसलो. ओरडतेय, ओरडतेय. मग एकदम थांबली.

पुन्हा आवाज येईना. कावळ्याचा आला, रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली, तिचा नाही.

"नेलं," आत्याबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "किंवा मेलं असेल. ती बघून गेली असेल आणि गप्प झाली असेल."

"न्हाई."

"तुम्हाला कसं कळलं? दिसत तर नाही इथून."

आत्याबाई ओला पदर पिळत होत्या. पिळून झटकला, खांद्यावर टाकला. "लेकरू गेलं तर आई इतक्या लवकर गप बसत न्हाई," त्या म्हणाल्या. "मला इचार."

हे पायरीवरून उठले, पण गेले कुठेच नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. इतकी वर्षं मी या बाईच्या हाताखाली राहिले, त्यांच्या हातचं खाल्लं, तीन महिने माझी घाण त्यांनी उपसली, आणि चार ऐकून मनातल्या मनात तीन मोजत आले.

मी त्यांचा हात धरून त्यांना दगडावर माझ्या शेजारी बसवलं. "विचारते," म्हटलं. "सांगा. मुलगा होता की मुलगी?"

"पोरगी," आत्याबाई म्हणाल्या. "लय गोरी." आणि सांगायला लागल्या.

ऊन चढलं, दगड तापला, तरी कुणी उठलं नाही. पाईपच्या तोंडातून आता थेंब थेंबच पडत होता. नळ कधीच गेला होता.